मलब्याची ट्रॉली गेली, पण जबाबदारी?

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत जुनं घर पाडायचं म्हटलं की ट्रॅक्टरवाल्याशी ट्रिपचा भाव ठरतो आणि शेवटची ट्रॉली अंगणातून निघाली की काम संपलं असं घरमालकाला वाटतं. सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. केंद्र सरकारने 2016 मध्ये बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले, तेव्हाच मलबा गोळा करण्याची, वेगळा करण्याची आणि तो रस्त्यावर किंवा नालीत जाऊ न देण्याची जबाबदारी मुळात तो निर्माण करणाऱ्यावर ठेवली. ‘हे बिल्डरसाठी, आपल्या दोन खोल्यांना काय?’ असंही म्हटलं जातं. पण दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांची मर्यादा होती ती वर्गवारी करून आधी आराखडा मंजूर करून घेण्यासाठी. मूळ जबाबदारीतून लहान घराला सूट नव्हती.

‘मलबा म्हणजे मातीच, खड्ड्यात टाकला तर बिघडलं काय?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. स्वच्छ विटामातीने जोत्याची भर होते, धड कवेलू दुसऱ्या छपरावर चढतात, सागवानी फाटे आणि चौकटी तर हातोहात विकल्या जातात. भारतीय मानक आयएस 383 ने 2016 पासून जुन्या काँक्रीटच्या खडीला 25 टक्क्यांपर्यंत साध्या काँक्रीटमध्ये वाव दिला आहे. पण त्याच ट्रॉलीत प्लास्टिक, रंगाचे डबे आणि ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे मिसळले की ती भर उरत नाही. फुटक्या पत्र्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. शिवाय ‘खड्डा’ म्हणून दाखवलेली जागा पुष्कळदा नाल्याचं पात्र असते. चंद्रपूरला इरई आणि झरपटच्या पुराचा धाक आहे. जुलै 2022 चा पूर फार जुना नाही. पाण्याची वाट अरुंद केली की ते वस्तीत शिरणारच. गडचिरोलीत तर दोन तृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाखाली आहे. तिथे गावाबाहेरची ‘रिकामी’ जागा वनजमीन असण्याचीच शक्यता मोठी.

‘मग टाकायचं कुठे?’ ही अडचण खरी आहे, आणि जागा ठरवून देणं हे महापालिकेचं, नगर परिषदेचं कामच आहे. म्हणून ट्रॅक्टर सांगण्याआधी तिथे जागा विचारा, माल अंगणातच वेगळा करा आणि ट्रिपचा भाव ठरवताना ट्रॉली कुठे रिकामी होणार हेही ठरवून घ्या.