रिकामा क्रमांक

बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या खोऱ्यांत देऊळघाट नांवाचें गांव आहे. अशा गांवांतील शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहींत प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक मिळतो, व तो पुन्हां दुसऱ्या कोणासहि द्यावयाचा नाहीं असा दंडक असतो. हीच वही संगणकांत उतरविली म्हणजे त्या क्रमांकास 'की', अर्थात् किल्ली, म्हणतात. कारण त्याच्यायोगें नेमकी तीच नोंद उघडते.

समजा, वहींत ४८७ नोंदी असून पहिला क्रमांक १ व शेवटचा ५०० आहे. तेव्हां मध्यें १३ क्रमांक रिकामे आहेत, हें श्रोत्यांच्या सहज ध्यानांत येईल. ते कोणते हें शोधण्यास नोंदी चढत्या क्रमानें लावाव्या व प्रत्येक क्रमांकांतून मागचा वजा करावा. बाकी १ आली तर कांहीं सुटलें नाहीं. ३ आली तर दोन सुटले.

पहिलाच रिकामा क्रमांक हवा असेल तर याहून जवळची वाट आहे. अडीचशेवी नोंद उघडावी. तिचा क्रमांक २५० च असेल तर तेथवर एकहि जागा रिकामी नाहीं. २५६ असेल तर सहा जागा मागेंच राहिल्या. याप्रमाणें दर वेळीं निम्मी यादी सोडीत गेल्यास फार तर नऊ नोंदी पाहून ठिकाण लागतें. मात्र क्रमांक संख्या म्हणून सांठविलेले असावेत. अक्षरें म्हणून सांठविल्यास १० हा २ च्या आधीं बसतो व हिशेब फसतो.

मग तो क्रमांक नव्या मुलास द्यावा काय? येथें सावध राहिलें पाहिजे. नोंद अर्धवट सुटली तरी संगणक पुष्कळदां तिचा क्रमांक परत घेत नाहीं. असा क्रमांक कोणाचाच नसतो. दुसरा मात्र एखाद्याचा असून मागाहून पुसला गेलेला असतो. दोन्ही पोकळ्या दिसावयास सारख्याच.

महाराष्ट्रांत इतर मागासवर्गाच्या जात-प्रमाणपत्रासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा पाहतात, व शाळेंतील जुनी नोंद हा त्यांतील एक महत्त्वाचा पुरावा होय. आजोबांच्या दाखल्यावरील क्रमांकापुढें उद्यां परक्याचेंच नांव निघालें, तर नातवानें काय दाखवावें?

कागदी वहींत खोडलेलें नांवहि रेघेखालीं वाचतां येतें. तद्वत् संगणकांतहि नोंद न पुसतां तिजवर 'रद्द' अशी खूण करावी, रिकाम्या तेरा जागा जुन्या वहीशीं ताडून पाहाव्या, आणि नव्या मुलास ५०१ हा क्रमांक द्यावा. आंकडे मुबलक आहेत; त्यांत काटकसर करण्याचें कारण नाहीं.