केळापूरच्या वेदनेची व्हिएन्नात नोंद

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदना साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. तिथं मॉर्फिन लागतं. केळापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात असा रुग्ण आहे असं समजा. भारताला पुढच्या वर्षी किती मॉर्फिन लागेल, हा आकडा व्हिएन्नातल्या एका मंडळाकडे आधीच गेलेला असतो, आणि आपल्या या रुग्णाचे मिलिग्रॅमही त्यातच मिसळलेले असतात! केळापूरहून हजारो किलोमीटर दूर बसलेल्यांना हा हिशेब हवाच कशाला?

कारण मॉर्फिन निघतं अफूतून. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. त्या एकाच चिकात वेदनेचा उतारा आहे आणि व्यसनाची बेडीही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजं भरभरून चीनला जायची. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, त्या सर जमशेदजी जिजीभॉय यांच्या व्यापारातही ती होती. तेव्हा तिला जगभर अडवणारा करार नव्हता.

पहिल्यांदा 13 देश एकत्र बसले ते 1909 साली, शांघायमध्ये. 1912 मध्ये हेगला करार झाला, पण अंमलात आणायला बरेच देश राजी होईनात. मग जे घडलं ते वाचून मी थक्क झालो. पहिलं महायुद्ध संपलं आणि व्हर्सायच्या तहात एक कलम घातलं गेलं, 295 वं. शांततेच्या तहाला मान्यता द्या, म्हणजे अफूच्या करारालाही दिलीच असं धरलं जाईल! युद्ध मिटवणाऱ्या कागदातच अफूचा बंदोबस्त. त्या तहावर भारताच्या वतीनं सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराजा गंगासिंह होते.

पण नुसत्या सहीनं माल थोडाच थांबतो? खरी करामत पुढं आहे. 1925 च्या जिनिव्हा करारानं परवान्यांची जोडी आणली. घेणाऱ्या देशानं आधी आयात परवाना द्यायचा, तो पाहूनच विकणाऱ्यानं निर्यात परवाना काढायचा. आज माल पोचला की किती मिळाला हे लिहून तो कागद परत जातो, आणि दोन्ही देश आपापले आकडे मंडळाला कळवतात. एकानं पाठवलेलं आणि दुसऱ्याला मिळालेलं जुळलं नाही, की मधे पाय फुटले हे उघड!

1931 च्या करारानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. लग्नाच्या आचाऱ्याला पंगतीचा अंदाज आधी द्यावा लागतो, तसा प्रत्येक देशानं आपल्या औषधी गरजेचा अंदाज आदल्या वर्षीच द्यायचा. एखाद्यानं दिला नाही तर? मंडळ स्वतः ठरवतं, अगदी करारात नसलेल्या देशासाठीसुद्धा. दुसऱ्या महायुद्धात हे काम जिनिव्हातून वॉशिंग्टनला हलवावं लागलं, पण बंद पडलं नाही.

1961 च्या करारानं या साऱ्याची एकत्र मोट बांधली. 1968 पासून हिशेब ठेवतं ते आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ. आज त्याचे सदस्य 13. ना फौज, ना पोलीस. भारताच्या माजी नार्कोटिक्स आयुक्त जगजित पवाडिया या त्याच्या अध्यक्ष होत्या.

आणि या कागदाचं दुसरं टोक कुठं आहे? मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या शेतात. अफूच्या लागवडीचा परवाना मिळतो तो साधारण 10 आर इतक्या चिमुकल्या तुकड्याचा. रोज निघालेला चीक गावचा लंबरदार वजन करून वहीत लिहितो, आणि सगळा सरकारच विकत घेतं. तो जातो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. अफूचा चीक कायदेशीरपणे निर्यात करणारा भारत हा जगातला एकमेव देश आहे.

मग आपल्याच रुग्णाला मॉर्फिन मिळताना मारामार का? 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली परवान्यांची अशी चळत मागितली जाई की बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. चोराच्या धाकानं आजाऱ्याचं औषध कुलपात गेलं, आणि माझ्या मते ही या साऱ्या व्यवस्थेची सर्वांत मोठी चूक होती. 2014 मध्ये कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवलं गेलं आणि राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरेसा झाला. तरीही जगातलं बहुतांश मॉर्फिन मूठभर श्रीमंत देशच वापरतात.

व्हिएन्नातला आकडा काही दगडावरची रेघ नाही. कमी पडला तर देशाला वर्षाच्या मधेही पुरवणी अंदाज पाठवता येतो. पण तो तिथं वाढायला आधी इथं लिहिला जायला हवा. मान्यताप्राप्त रुग्णालयानं वर्षाची गरज औषध नियंत्रकाला कळवायची, तिथून ती ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडे आणि पुढं व्हिएन्नाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या रुग्णालयांनी ती रास्त लिहावी, भीतीनं कमी लिहू नये.