अॅथॉसच्या मठातील बोधिसत्त्व

ग्रीसमधील अॅथॉस पर्वतावर ९६३ साली अथानासिओस या साधूने मोठा मठ उभारला. पौर्वात्य ख्रिस्ती चर्चमध्ये गावचा धर्मगुरू विवाहित असू शकतो. बिशप मात्र परंपरेने अविवाहित मठवासीयांतूनच निवडला जातो. त्यामुळे मठात जे वाचले-लिहिले जाई, ते साऱ्या चर्चमध्ये पोहोचे.

याच पर्वतावरील जॉर्जियन मठातल्या युथिमिओस (मृत्यू १०२८) या साधूने राजपुत्र योआसाफची कथा ग्रीक भाषेत आणली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. महालात वाढलेला हा राजपुत्र रोगी व वृद्ध पाहून अस्वस्थ होतो, ख्रिस्ती दीक्षा घेतो आणि राज्य सोडतो. ‘योआसाफ’ हे ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचेच अरबी व जॉर्जियन भाषांतून बदलत गेलेले रूप होय. चर्चने त्याला संत मानले.

तथागतांचे नाव हरवले, पण त्यागाची कथा टिकली. कारण ती लिहून जपणारे मठ होते. आपल्या प्रत्येक विहारात ग्रंथालय हवे, ते याचसाठी.