जुन्या गाडीतील इंधनाचा दाब जातो कुठे?

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावरच सुरू होते. किंवा शहरात सुरळीत चालणारी गाडी आंबा घाटाच्या चढणीवर दम टाकते. पेट्रोल इंजेक्शनची पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांना ही दुखणी परिचयाची आहेत. दोन्हींमागे इंधनाचा दाब असू शकतो. मात्र पहिल्यात दाब टिकत नाही, तर दुसऱ्यात तो पुरेसा तयारच होत नाही. हा भेद न करता थेट पंप बदलला, तर पैसे जातात आणि दुखणे कायम राहते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराने नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखणारे मिस्त्री घडवले. कार्बोरेटरला इंधनाचा अगदी अल्प दाब पुरत असे, त्यामुळे तेथे अनुभवी कान पुरेसा ठरे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र दाब साधारण अडीच ते तीन बार लागतो. बॉश कंपनीच्या १९७३ मधील के-जेट्रॉनिक या यांत्रिक प्रणालीत तो पाच बारच्या आसपास असतो. येथे कानाच्या जोडीला गेज हवाच.

पहिली पायरी सोपी आहे. चावी फिरवताच पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का, ते पाहावे. काही जुन्या प्रणालींत पंप स्टार्टर फिरल्यावरच चालतो, हे लक्षात ठेवावे. आवाज नसेल तर पंपाला दोष देण्याआधी फ्यूज, रिले आणि पंपापर्यंत पोहोचणारा विद्युतदाब तपासावा.

त्यानंतर इंधनवाहिनीला गेज जोडून इंजिन सुरू करावे. रेग्युलेटरची निर्वात नळी काढल्यावर दाब सुमारे अर्धा बार वाढला, तर रेग्युलेटर प्रतिसाद देतो आहे असे समजावे. त्या नळीत पेट्रोल आढळले तर आतील पडदा फाटलेला आहे. दाब मुळातच कमी असेल, तर टाकीकडे परतणारी रबरी नळी क्षणभर चिमटावी. दाब झपाट्याने वाढला तर दोष रेग्युलेटरचा. वाढलाच नाही तर फिल्टर तुंबलेला किंवा पंप थकलेला. अशा वेळी स्वस्त असलेला फिल्टर आधी बदलणे शहाणपणाचे.

दाब टिकत नसेल, तर इंजिन बंद करून गेजचा काटा पाहावा. तो भराभर उतरत असल्यास पुन्हा दाब भरून लगेच पंपाकडून येणारी नळी चिमटावी. उतार थांबला तर पंपाजवळील एकदिशा झडप गळते आहे. परतीची नळी चिमटल्यावर थांबला तर रेग्युलेटर दोषी. दोन्ही बंद करूनही काटा उतरत असेल आणि बाहेर कोठे गळती नसेल, तर एखादा इंजेक्टर ठिबकत आहे. त्या सिलिंडरचा प्लग बहुधा ओला सापडतो. असे पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते, म्हणून याकडे दुर्लक्ष महागात पडते.

ही चाचणी रबरी नळीवर आणि गुळगुळीत जबड्याच्या चिमट्यानेच करावी. कोणताही जोड उघडण्यापूर्वी दाब उतरवावा, जागा हवेशीर असावी आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. तापलेल्या इंजिनावर उडालेली पेट्रोलची बारीक चिळकांडीही पेट घेऊ शकते.

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्याशी जवळचे नाते असलेले आणखी एक कारण आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. इथेनॉल ओलावा शोषते आणि टाकीतील साचलेला गाळही सुटा करते. तो फिल्टरमध्ये अडकला की दाब घसरतो. म्हणून जुन्या गाडीच्या इंधननळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवून घेणे आणि फिल्टर वेळेआधी बदलणे हिताचे. नवा पंप घेण्याच्या तुलनेत हा खर्च थोडा आहे, आणि आगीचा धोकाही त्यामुळे कमी होतो.