विश्लेषण : जुन्या पिकअपला चार दरवाजे बसवता येतात का?

सेलू (जि. वर्धा) : कपाशी फुटली की वेचणीसाठी मजुरांची शोधाशोध सुरू होते. शेत एका गावाला, मजूर दुसऱ्या गावाला. केबिनमध्ये चालकाशेजारी एक-दोघे मावतात, बाकीचे हौद्यात, फाळक्याला धरून. अशा वेळी जुन्या पिकअपच्या मालकाला एक उपाय सुचतो : केबिन मागे वाढवायची, दुसरी सीट टाकायची आणि आणखी दोन दरवाजे लावायचे. माणसे हौद्यातून छताखाली आणणे हा विचार चांगलाच आहे. अडचण आहे ती त्याच्या अंमलबजावणीत.

केबिन वाढवतात कशी?

पिकअपची केबिन आणि हौदा हे लांब शिडीसारख्या चेसिसवर वेगवेगळे बसवलेले असतात. त्यामुळे केबिनची मागची भिंत कापून, दुसऱ्या गाडीचे दरवाजे आणि छत जोडून, हौदा तेवढा आखूड करता येतो. अमेरिकेत जुन्या पिकअपवर असे काम करणे हा हौशी लोकांचा आवडता उद्योग आहे. कारखान्यात बनलेली मोठी केबिनही तिकडे जुनीच. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५७ मध्ये सहा जणांची ‘ट्रॅव्हलेट’ पिकअप आणली. तिला सुरुवातीला तीनच दरवाजे होते.

वेल्डिंग दिसायला सोपे असते. पण पुढच्या दरवाजाच्या मागचा खांब हा नुसता पत्रा नसतो. दरवाजाचे कुलूप त्यात अडकते, सीटबेल्टचा भार त्यावर येतो आणि गाडी उलटली तर छतही तोच धरून ठेवतो. मागच्या ओळीतल्या बेल्टला तितकीच भक्कम जागा लागते. ती पातळ पत्र्याला बोल्ट मारून मिळत नाही. कारखान्यात अशी रचना चाचणीतून जाते. गॅरेजमध्ये तिची पहिली चाचणी अपघातातच होते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात (आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र) सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडणी चालेल, बॉडी किंवा चेसिसच्या रचनेत बदल चालणार नाही. सीएनजी किट आणि दिव्यांगांसाठीचे बदल यांना कायद्यात वेगळी वाट आहे, तीही ठरलेल्या अटींवर. चार दरवाजांची केबिन त्यात बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणीला जावे लागते. चार दरवाजे तिथे लपत नाहीत.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असली तरी सुटका नाही. २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांत गाडी मूळ स्वरूपात असणे हीच अट आहे. चेसिस किंवा बॉडीत मोठा फेरफार केला की ती नोंदणी हुकते.

खरा फटका कुठे?

दंड परवडेल. विम्याचे तसे नाही. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्यांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये सांगितले. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोबत असेल तर त्याला १९९४ पासून संरक्षण आहे. २००४ च्या बलजित कौर प्रकरणात न्यायालयाने कंपनीला आधी भरपाई देऊन ती गाडीमालकाकडून वसूल करायला सांगितले. म्हणजे ओझे शेवटी मालकावरच. गाडीमालकाने स्वतः कामावर ठेवलेल्या मजुरांची बाब थोडी वेगळी : कर्मचाऱ्यांच्या कायदेशीर भरपाईपुरती जबाबदारी पॉलिसीत येऊ शकते. मात्र शेतकऱ्याचे मजूर दुसऱ्याच्या पिकअपमध्ये असतील तर तोही आधार राहत नाही. त्यात केबिन आरसीबाहेरची निघाली तर कंपनीच्या हाती आणखी एक मुद्दा येतो.

मग पर्याय काय?

कारखान्यातूनच चार दरवाजे घेऊन येणारी पिकअप. महिंद्राची बोलेरो कॅम्पर हे गावोगावी दिसणारे उदाहरण. तिचा हौदा साध्या पिकअपपेक्षा आखूड असतो, म्हणजे माल कमी. तीही मालवाहू म्हणूनच नोंदलेली असेल तर मागच्या सीटवरच्या माणसांना विमा आहे का, हे पॉलिसी काढतानाच विचारून घ्यावे लागते. आणि दहा-बारा मजूर न्यायचे असतील तर तीही पुरत नाही. तिथे प्रवासी परवान्याची गाडीच लागते. रोजच्या खेपेचे भाडे वाढते, आणि नेमके याच कारणाने हौदा पुन्हा भरतो.

जुन्या बाजारात चार दरवाजांची पिकअप स्वस्तात मिळत असेल तर आधी आरसी पाहावी. बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन आणि व्हीलबेस हे त्यावर असते. आरसीवर चालकासह दोन किंवा तीन आसने आणि समोर उभी गाडी पाच जणांची, असे दिसले तर तो व्यवहार तिथेच सोडावा.