दुखत नाही म्हणून थांबू नका

भंडारा जिल्ह्यात पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारा माणूस स्वतःला व्यसनी समजत नाही. व्यसन म्हणजे दारू. खर्रा ही नुसती सवय, असा इथला हिशेब. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेली ही गोळी गालात धरूनच रोवणी होते, धानाची कापणी होते, दुकान चालते. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत, मिसरूड न फुटलेल्या पोरांपासून नातवंडे असलेल्या बायांपर्यंत ही सवय पोचली आहे. म्हणून इथे कर्करोगाविषयी बोलायचे तर सुरुवात तोंडापासूनच करावी लागते.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो. त्यात पहिला क्रमांक स्तनाच्या कर्करोगाचा, दुसरा तोंडाच्या आणि तिसरा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. एकूण रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश या तिघांचेच. हे तिन्ही आजार मोठ्या यंत्राशिवाय, डोळ्यांनी पाहून किंवा हाताने तपासून सुरुवातीलाच हाती लागू शकतात. तरीही आपल्याकडे रुग्ण नागपूरला पोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. अंतर, पैसा, मजुरी बुडण्याची भीती ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्याही आधी माणसाला घरातच अडवून ठेवतात ते काही पक्के गैरसमज.

“दुखत नाही, मग दाखवायचे कशाला?”

माझ्या मते सगळ्यांत जास्त जीव याच समजुतीने घेतले आहेत. कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, तो बोटाने पुसला जात नाही. कधी मखमलीसारखा लाल चट्टा येतो, आणि तो पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो. स्तनात वाटाण्याएवढी कडक गाठ लागते, तीही न दुखणारी. वेदना सुरू होते तेव्हा आजार बऱ्याचदा आजूबाजूला पसरलेला असतो. याउलट दात लागून किंवा पोट बिघडून आलेला तोंडातला छाला चांगलाच दुखतो आणि आठ-दहा दिवसांत भरून येतो. म्हणून दुखण्यावर न जाता दिवस मोजावेत. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर डॉक्टरला किंवा दंतवैद्याला दाखवायलाच हवा. औषधाच्या दुकानातून मलमाची तिसरी ट्यूब आणण्यात वेळ घालवू नये.

खर्रा खाणाऱ्यांत याच्याही आधी एक खूण दिसते. तिखट सोसेनासे होते. भाजीचा घास घेतला की तोंडाची आग होते. मग गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. घरातले लोक अशा वेळी भाजीतले तिखट कमी करतात, खर्रा मात्र तसाच चालू राहतो. आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक, उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे आजच पाहा. जात नसतील तर तोंडातले मऊ पडदे आकसू लागल्याची शंका घ्यावी. हा अजून कर्करोग नाही, आणि अशा प्रत्येकाला पुढे कर्करोग होतोच असेही नाही. पण आकसलेले तोंड पूर्ववत होणे अवघड असते. सुपारी त्याच दिवशी सुटली तर निदान पुढची वाढ थांबण्याची शक्यता असते, म्हणून इथे एक-एक महिना मोलाचा आहे.

महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरशासमोर उभे राहून तोंड पाहावे. दोन्ही गाल, ओठाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जीभ वर करून खालची जागा, हे सगळे नजरेखालून घालावे. खर्रा ज्या बाजूला धरता ती बाजू आधी पाहा. मानेवरून बोटे फिरवून गाठ लागते का तेही बघा. आवाज घोगरा होऊन तसाच राहणे, घास गिळताना अडकणे, जखम नसताना दात हलू लागणे, याही खुणा तितक्याच महत्त्वाच्या.

“तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो”

सुपारीला आपण पूजेत, लग्नात मान देतो, त्यामुळे तिच्यावर संशय घेणे जड जाते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत बसवले आहे. तोंड आकसण्याच्या आजाराचे मुख्य कारण सुपारीच आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तेव्हा अनेकांनी खर्रा म्हणजे त्यातल्या त्यात बरा, डोळ्यांसमोर घोटलेला ताजा माल, अशी समजूत करून घेतली. ताजेपणाने त्यातली तंबाखू आणि सुपारी बदलत नाही.

बायांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गुडाखू, नस किंवा मिश्री दातांना लावणे ही तंबाखू खाण्यात मोजलीच जात नाही. दात साफ होतात, पोट साफ होते, एवढेच तिचे वर्णन. त्यामुळे दवाखान्यात विचारले की उत्तर ‘नाही’ येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांनी तंबाखूचा वापर सांगितला होता, आणि त्यातले बहुतेक जण ती खाणारे, लावणारेच होते, ओढणारे थोडे.

बिडीचेही तसेच. भंडारा-गोंदिया हा तेंदूपानाचा आणि बिडी वळणाऱ्या हातांचा मुलूख, म्हणून बिडी घरची वाटते, झाडाच्या पानाची म्हणून सौम्य वाटते. बिडीत तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून दम जोराने आणि वारंवार मारावा लागतो. धुरातले विष सिगारेटपेक्षा कमी नसते. मोहाची दारू नैसर्गिक म्हणून निर्धोक, हाही भ्रमच. कर्करोग घडवते ते त्यातले अल्कोहोल, मग ते मोहापासून उतरवलेले असो की कारखान्यात. दारू आणि तंबाखू एकत्र आली की तोंडाचा, घशाचा धोका दोघांच्या बेरजेपेक्षाही अधिक वाढतो.

“माझे आजोबा नव्वद वर्षे जगले, रोज तंबाखू खात होते,” असे कोणी म्हणाले की मला दोन नावे आठवतात. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले, साठीही न गाठता. शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. उपचार झाले, आणि त्यानंतर त्यांनी तंबाखू-सुपारीच्या सवयीचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला. सवय कोणालाही ओळखत नाही, हे या दोन नावांवरून दिसते, आणि वेळेवर उपचार झाले तर पुढे वर्षानुवर्षे काम करता येते हेही. “कॅन्सर म्हणजे कॅन्सल” ही म्हण आता बोलण्यातून जायला हवी.

“सुई लावली, तुकडा काढला की पसरतो”

ही भीती मी पुसून टाकू इच्छिते, कारण ती माणसाला निदानाच्या दारातून परत पाठवते. गाठीचा किंवा चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासल्याशिवाय कर्करोग आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या जातीचा, हे ठरत नाही; उपचारही ठरत नाहीत. योग्य पद्धतीने केलेल्या या तपासणीमुळे आजार पसरण्याचा धोका अतिशय नगण्य असतो. मग लोकांना तसे का दिसते? तुकडा काढला, अहवाल आला, घरात रडारड झाली आणि त्यानंतर तीन-चार महिने जडीबुटी, देवाधर्मात गेले. त्या काळात आजार वाढला आणि दोष सुईला लागला. तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये असे रिकामे महिने जाऊ देऊ नयेत.

“पाळी परत सुरू झाली, बरेच झाले”

पाळी कायमची गेल्यावर वर्षाने किंवा नंतर पुन्हा लाल जाऊ लागले तर ती परत आलेली पाळी नव्हे. शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे यांनाही घरगुती उपाय नाही. हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे इशारे असू शकतात. त्याचे कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. तो इतका सर्वत्र आढळतो की त्याची लागण झाली म्हणून कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काहींत टिकतो आणि दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग करतो. एवढा मोठा अवधी मिळतो, म्हणूनच तपासणीचा इतका उपयोग होतो.

त्याचा पुरावा महाराष्ट्रातच तयार झाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये तर प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावून केवळ डोळ्यांनी तपासले. दर दोन वर्षांनी झालेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. चाचणीला काही मिनिटे लागतात. मुलींसाठी ९ ते १४ हे लसीचे उत्तम वय; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही आता आहे. लसीने पुढे मूल होत नाही, ही अफवा आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी मात्र चुकवायची नाही.

स्तनाबद्दल थोडक्यात. घराण्यात कोणाला नव्हता म्हणून मला होणार नाही, हे खरे नाही. आनुवंशिक कर्करोग दहा टक्क्यांच्या आतलेच. गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, यांतले काहीही दिसले तर दाखवा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, किंबहुना बहुतेक नसतातच. पण ते ठरवणे डॉक्टरचे काम. पुरुषांनाही हा आजार क्वचित होतो. शौचातले रक्त दर वेळी मूळव्याधीचेच असते असेही नाही, आणि तीन आठवडे न थांबणारा खोकला क्षयाच्या तपासणीत निर्दोष निघाला तर पुढची चौकशी थांबवू नये.

कर्करोग उष्टे खाल्ल्याने, अंगावर अंग लागल्याने होत नाही; करणीने तर नाहीच. रुग्णाचे ताट वेगळे काढणे ही घरच्यांनी त्याला दिलेली विनाकारण शिक्षा आहे.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी येते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय दंत महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. कर्करुग्णांना एसटीच्या भाड्यात सवलत मिळते.

पण त्याआधीचे काम गावातच होते. वय तीस झाले असेल तर आशाताईला सांगून जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी मागून घ्या. रोवणी संपू द्या, धान निघू द्या असे म्हणत पुढे ढकलू नका. आणि खर्रा, बिडी, गुडाखू सोडायची इच्छा असूनही जमत नसेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.