ओळंबा आणि जिम्नी

लिफ्ट किट टाकून उंच केलेल्या जिम्नीच्या मागे दहा पावलांवर उभं राहून नीट पाहा. एका बाजूचं चाक मडगार्डच्या कडेशी आलेलं दिसेल, दुसरं जरा आत गेलेलं. गवंड्याचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून सोडला आणि टायरपर्यंतचं अंतर डावीकडे 12 मिमी, उजवीकडे 26 मिमी भरलं, तर मागचा अ‍ॅक्सल 7 मिमी सरकला आहे. गाडी कुठे आपटलेली नसते, सगळी करामत भूमितीची असते.

जिम्नीचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे. कॉइल स्प्रिंगा गाडीचं वजन तोलतात, पण अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवणं त्यांना जमत नाही. जुन्या जीपला ते काम पाटे करायचे. इथे ते एका आडव्या दांड्यावर आहे. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं अ‍ॅक्सलला. फ्रान्सच्या एका जुन्या मोटार कंपनीच्या नावावरून त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. कंपासचं टोक कागदावर रोवलं की पेन्सिल फक्त कंसातच फिरते, तसंच या दांड्याचं अ‍ॅक्सलकडचं टोकही.

समजा दांडा 900 मिमी लांब आणि अगदी आडवा आहे. चाक 50 मिमी खाली गेलं तर अ‍ॅक्सल दीड मिलिमीटरही सरकत नाही. पण तोच दांडा आधीच 100 मिमी उतरता असेल, तर पुढच्या 50 मिमीला अ‍ॅक्सल 7 मिमी ओढला जातो. गाडी उंच करणं म्हणजे हा उतार वाढवणं.

यावर सहसा सुचवला जातो तो अ‍ॅडजस्टेबल रॉड. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे, आट्यांमधलं अंतर 1.5 मिमी असेल तर एका फेऱ्यात लांबी 3 मिमीने बदलते. ओळंबा दोन्हीकडे सारखा येतो, मालक खूश होतो. उतार मात्र होता तेवढाच राहतो. खड्ड्यात चाक गेलं की अ‍ॅक्सल पूर्वीसारखाच बाजूला ओढला जातो आणि घाटातल्या वळणावर गाडीचं बूड हलल्यासारखं वाटतं.

दुसरा उपाय फिक्स ब्रॅकेटचा. तो दांड्याचं अ‍ॅक्सलकडचं टोकच वर उचलतो. फिरवायला त्यात काही नाही, पण उतार कमी होतो, म्हणजे मूळ दुखण्यावर इलाज होतो. माझा कौल आधी ब्रॅकेटला. त्यानंतरही दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला आणि तो खुपतच असेल, तर अ‍ॅडजस्टेबल रॉड. ब्रॅकेट जाड पत्र्याचा हवा, कारण टोक उंचावलं की वेल्डवरचा ताण वाढतो. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर दांडा वर कुठे घासत नाही, हेही पाहायला हवं.

गाडी कंपनीतून आली तेवढ्याच उंचीची असेल तर मूळ दांड्याला हात लावू नये. त्याचे रबरी बुश खड्ड्यांची थरथर गिळतात. अनेक अ‍ॅडजस्टेबल रॉडना रबराऐवजी लोखंडी गोळ्याचे सांधे असतात, ते पावसाळी चिखलात लवकर झिजतात आणि खडखडतात.

आणि कुठलाही दांडा बसवा, बोल्ट शेवटचा आवळायचा तो चारही चाकं सपाट जमिनीवर टेकल्यावरच. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबराला पीळ पडतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो.